'नॉन-चॅम्पियनशिप' शर्यतीला मराठीत काय म्हणावे?

विचारणा
1950 च्या दशकातल्या मोटार शर्यतींवर लेख लिहितो आहे. ज्या ग्रां प्री शर्यतींचे गुण विश्वविजेतेपदासाठी धरले जात नसत, त्यांना काय म्हणावे? 'प्रदर्शनीय' किंवा 'मैत्रीपूर्ण' चालेल का?

प्रतिसाद 1
कृपया दोन्ही टाळा. मैत्रीपूर्ण सामन्यातली हारजीत कोणी फारशी मनाला लावून घेत नाही. या शर्यती मात्र जिवावर उदार होऊन लढल्या जात. 1955 ची सिसिलीतली सिराक्यूज ग्रां प्री घ्या. मॅसेराटीचा कारखान्याचा संघ तिथे पूर्ण तयारीनिशी उतरला होता. समोर कॉनॉट या छोट्याशा इंग्रज कंपनीच्या गाडीत टोनी ब्रुक्स. दंतवैद्यकाचा विद्यार्थी, फॉर्म्युला वनची गाडी त्याआधी कधी चालवलेली नाही, विमानात परीक्षेचा अभ्यास करत आलेला. तो जिंकला! ब्रिटिश गाडीत ब्रिटिश चालकाने ग्रां प्री जिंकण्याचा योग 1924 नंतर प्रथमच आला. विश्वविजेतेपदाच्या तक्त्यात या विजयाचे गुण शून्य. याला 'प्रदर्शनीय' कसे म्हणणार?

टेनिसच्या बातम्यांत 'बिगरमानांकित' रुळला आहे, त्याच धर्तीवर 'बिगर-अजिंक्यपद शर्यत' म्हणता येईल. सलग मजकुरात मला 'अजिंक्यपदाबाहेरची शर्यत' जास्त आवडते, वाचताना अडखळायला होत नाही.

प्रतिसाद 2
सहमत. फक्त काळाचे भान ठेवा. चालकांचे विश्वविजेतेपद सुरू झाले 1950 मध्ये, पहिली शर्यत 13 मे रोजी सिल्व्हरस्टोनला. ल मान्सजवळची पहिली फ्रेंच ग्रां प्री मात्र 1906 ची. चालकांसाठी अजिंक्यपदच नव्हते तेव्हा तिला 'अजिंक्यपदाबाहेरची' म्हणण्यात अर्थ नाही, नुसते 'ग्रां प्री' पुरे. 1930 च्या दशकात युरोपीय अजिंक्यपद होते, त्यामुळे इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या 1937 आणि 1938 च्या शर्यतींना (रोझेमायर आणि नुव्होलारी यांनी जिंकलेल्या) हा शब्द बरोबर लागू पडतो.

विचारणा करणारा
आभारी आहे. 'दुय्यम शर्यत' असाही पर्याय सुचला होता. आणि नावातच 'ग्रां प्री' असेल तर वाचक गोंधळणार नाही का?

प्रतिसाद 1
'दुय्यम' तर मुळीच नको. 1955 मध्येच इटालियन चालक आस्कारीने लान्सिया गाडीतून तुरिन आणि नेपल्सच्या शर्यती जिंकल्या, दोन्ही अजिंक्यपदाबाहेरच्या. त्याच वर्षी मे महिन्यात माँझाच्या शर्यतमार्गावर अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्याचे हे शेवटचे विजय 'दुय्यम' म्हणून नोंदवायला माझा हात धजणार नाही. शिवाय उतरणाऱ्या संघांना आयोजक रोख पैसे देत आणि लहान संघांचा हंगाम बराचसा त्यावरच चाले.

नावाचे म्हणाल तर 'ग्रां प्री' म्हणजे मोठे बक्षीस, त्यावरून गुण आहेत की नाहीत ते कळत नाही. पहिल्या उल्लेखाला 'पो ग्रां प्री (अजिंक्यपदाबाहेरची)' असे कंसात द्या, पुढे नुसते नाव चालेल.