थॉमसमधली भुताची गाडी: लहान मुलांना दाखवावी का?

संधिप्रकाश
'थॉमस अँड फ्रेंड्स' या मुलांच्या मालिकेचा १९८६ सालचा 'घोस्ट ट्रेन' हा भाग काल लेकीबरोबर पाहिला. थॉमस, पर्सी, टोबी ही त्यातली चेहरे असलेली, बोलणारी इंजिनं. सुरुवातीलाच पर्सी गोष्ट सांगतो: अपघातात गेलेली एक गाडी त्या तारखेला दर वर्षी पुन्हा धावते आणि किंचाळत तुटलेल्या रुळांपलीकडे कोसळते. थॉमस त्याला वेड्यात काढतो. पुढे पर्सी चुन्याच्या गाडीवर आदळतो, अंगभर पांढराफटक होतो आणि टोबीला हाताशी धरून थॉमसलाच भूत बनून घाबरवतो. थॉमसची पाचावर धारण बसते.

माझ्या मते हा भाग मुलांना जरूर दाखवावा. भूत कशाचं बनतं ते इथे डोळ्यांदेखत दिसतं. दुसऱ्यांदा पाहताना चुन्याची गाडी आली तशी लेक म्हणाली, "आता पर्सीचं भूत होणार." माझं बोट मात्र तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

दोन_पोरांची_आई
अजिबात पटलं नाही. उलगडा आपल्या लक्षात राहतो, मुलांच्या मनात सुरुवातच घर करते. माझा धाकटा साडेचार वर्षांचा. चुना, टोबी सगळं विसरला आणि 'दर वर्षी येते' एवढंच धरून बसला. आठवडाभर रोज झोपताना एकच प्रश्न: "आज ती तारीख आहे का?"

शिवाय ते चेहरे. त्या काळी छोटी मॉडेलं रुळांवर चालवून चित्रीकरण करत. बोलताना ओठ हलत नाहीत, नुसते डोळे फिरतात. दिवसाच्या प्रसंगात ते गोड वाटतं. अंधारात तोच थिजलेला चेहरा पाहून मलाही कसंसंच झालं.

वाफेचं_इंजिन
ही कल्पना अगदीच हवेतली नाही. २८ डिसेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला आणि वरून जाणारी गाडी पाण्यात गेली. एकही माणूस वाचला नाही. त्या तारखेला रात्री ती गाडी पुन्हा दिसते अशी दंतकथा आहे. क्रमांक २२४चं इंजिन नंतर नदीतून काढून दुरुस्त केलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'द डायव्हर', म्हणजे पाणबुड्या, आणि १९१९पर्यंत ते कामावर होतं!

भागात या पुलाचं नाव नाही, पण मला दर वेळी तोच आठवतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही हकिगत सांगून भाग दाखवा, तो इंजिनाबद्दलच विचारत बसेल. चार वर्षांच्या मुलाला नको, इथे मी ताईंच्या बाजूने.

केशर
भीतीचं सोडा, मला चिडवणं खुपतं. पर्सी घाबरल्याचं मोकळेपणाने सांगतो, त्यावर थॉमस त्याला बावळट ठरवतो. मग पर्सी उट्टं काढतो. शेवटपर्यंत कुणालाच चुकल्यासारखं वाटत नाही. आमच्या थोरल्याने दुसऱ्याच दिवशी चादर पांघरून बहिणीला रडवलं. भूत खोटं आहे हे तो शिकला, मान्य. पण घाबरलेल्याशी कसं वागायचं, ते यात कुठे आहे?

संधिप्रकाश
केशर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. लेकीला थॉमसची फजिती बघून हसू आलं, तेव्हा मीही हसलो होतो.

ताई, तुमच्या धाकट्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या भागातच आहे. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पर्सीला सांगतो की ते भूत आपण टीव्हीवर पाहिलं होतं, खरं नव्हतंच. हे एका वाक्यात उरकलंय, म्हणून निसटतं. मी तिथे थांबवून लेकीला विचारलं, "मग गाडी कुठे होती?" ती म्हणाली, "टीव्हीत."

दोन_पोरांची_आई
ते वाक्य माझ्याही लक्षात नव्हतं. उद्या त्याला मांडीवर घेऊन तेवढाच तुकडा दाखवते, तोही भर दुपारी. पर्सीची सुरुवातीची गोष्ट मात्र तो पहिलीत जाईपर्यंत आमच्या घरात लागणार नाही.