नर्सचं पित्त आणि ‘डबा न्यायला काय होतंय?’

रंकाळाकाठची: काल एका दादांनी इथं लिहिलंय, “नर्सबायांना पित्त होतं ते बाहेरचं चापून खातात म्हणून. घरचा डबा न्यावा, वेळेवर जेवावं.” वाचून हातातला चहा गार झाला, म्हणून लांबड लावते.

दादा, डबा नेते. ११ वर्षं नेते. परवाचाच सांगते: दोन भाकऱ्या, आमटी, खर्डा. रात्री ८ ला ड्युटी. साडेअकराला झाकण उघडलं आणि तीन नंबरची सलाईन संपली. ती लावून येते तोवर कॅज्युअल्टीतून पेशंट वर आला. परत डब्याशी आले तेव्हा दीड वाजलेला. भाकरी वातड, आमटीवर तेल थिजलेलं. गरम कशात करू, अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमध्ये? उभ्यानं गिळलं. सकाळी ८ ला ड्युटी सुटली, घरी जाऊन आडवी झाले की छातीत जळजळ.

पोटात आम्ल सगळ्यात जास्त सुटतं ते रात्री १० ते २ च्या सुमाराला. आतडी त्या वेळी जवळपास झोपलेली असतात. त्यात या आठवड्यात मॉर्निंग, पुढच्यात नाईट. पोटानं कुणाचं ऐकायचं?

फौंड्रीवाला: मीच तो दादा. शिरोलीत २२ वर्षं तिन्ही पाळ्या केल्यात, भट्टीसमोर. कधी एक गोळी खाल्ली नाही. तुमच्या डोक्यावर पंखा तरी असतोय.

रंकाळाकाठची: आणि तुमचा भोंगा वाजतो! तुमच्या वेळी कारखाने कायदा, १९४८, कलम ५५ होतं: सलग पाच तासांच्या वर काम नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी. तुम्ही हात धुऊन मांडी घालून जेवलात २२ वर्षं. वॉर्डात भोंगा नसतो. रात्री ४० पेशंटांवर आम्ही दोघी. एक जेवायला बसली की दुसरीनं किती ठिकाणी पळायचं?

गंगावेशकर: एवढं कायदेकानू कशाला ताई? ड्युटीला जाताना कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मारा एक ग्लास. पित्त नाव घ्यायचं नाही. आमचा आज्जा ८९ वर्षं जगला त्याच्यावर.

वॉर्डातला_ब्रदर: दुधानं थोडा वेळ गार वाटतं, मग त्यातल्या प्रोटीन-कॅल्शियमनं उलट आम्ल वाढतं. आणि कच्चं दूध पिऊ नका हो. माझ्या मामाला दोन महिने येऊन-जाऊन ताप, कंबर धरलेली, घामानं अंथरूण ओलं. ब्रुसेलोसिस निघाला, कच्च्या दुधातून होणारा जंतूचा आजार. म्हैस घरचीच.

गंगावेशकर: म्हशीच्या दुधाला नाव ठेवणारा कोल्हापूरचा नव्हंच! तालमीतली पोरं काय मेली काय?

वॉर्डातला_ब्रदर: तालमीतली पोरं पहाटे जोर मारतात आणि रात्री झोपतात, भावा. आम्ही रात्री ट्रॉली ढकलतो. दूध प्या, पण उकळून प्या.

गंगावेशकर: उकळलं तर धारोष्ण कसलं? मग चहाच प्या की.

वॉर्डातला_ब्रदर: तोच पितो. नाईटला पाच कप. म्हणून तर बोंब आहे.

मेडिकलवाला: दूध बाजूला ठेवा जरा. रागावू नका, पण नर्सताया स्वतःच डॉक्टर होतात. आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोल गोळीच्या पट्ट्या नेतात आणि खातात जेवणानंतर! ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. वर्षानुवर्षं खाल्ली तर बी-१२ जीवनसत्त्व उतरतं. वर डोकं दुखतंय म्हणून रिकाम्या पोटी डायक्लोफिनॅक ही वेदनेची गोळी, म्हणजे अल्सरला आवतणच.

रंकाळाकाठची: हे खरंय. एप्रनच्या खिशात आत्ताही पट्टी आहे. पण ‘जेवणाआधी अर्धा तास’! जेवण कधी होणार हे अर्धा तास आधी कळलं असतं तर गोळी कशाला लागली असती?

मागच्या वर्षी दुर्बीण घातली. एच. पायलोरी निघाला.

फौंड्रीवाला: बघा! जंतू निघाला. आणि दोष नाईटच्या पाळीला.

रंकाळाकाठची: जंतूच होता, मान्य. डॉक्टर बॅरी मार्शलनं तो १९८४ मध्ये स्वतः पिऊन दाखवला, २००५ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. मी काय नाकारते? पण औषधं १४ दिवस सकाळ-संध्याकाळ वेळेवर घ्यायची होती आणि त्यातल्या सात दिवस मला नाईट. रजा मागितली तर इन्चार्ज म्हणाल्या, “पित्तासाठी रजा?” जंतू गेला. जळजळ नाईटच्या आठवड्यात अजून येते, मॉर्निंगला गायब. याचा जंतू दाखवा.

फौंड्रीवाला: बरं, भोंग्याचं पटलं. आमचाही भोंगा चुकला की सुपरवायझरशी भांडणं व्हायची. पण मध्यरात्री खर्डा खाऊन जळजळ म्हणताय, ते काय पटत नाही.

रंकाळाकाठची: खर्ड्याला हात लावायचा नाही.

गंगावेशकर: खर्ड्यावर एक ग्लास दूध—

वॉर्डातला_ब्रदर: उकळून!