सल्ला हवा: भुताटकीची कॉलेजकथा लिहितोय, 'बफी'चे नेमके कोणते भाग पाहू?

रातकिडा
श्राव्य मालिका आहे. ८ भाग, प्रत्येकी १५ मिनिटं. कॉलेजची पोरं आणि पिंपळावरचा मुंजा. तिसऱ्या भागातच गाडी अडकते: भूत दिसतं, पोरं पळतात, भूत पुन्हा दिसतं. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' (रक्तपिशाचांना मारणाऱ्या शाळकरी पोरीची अमेरिकी टीव्ही मालिका) बघ असं जो तो सांगतो. वेळ फार तर १० भाग बघण्याइतका आहे. कोणते बघू?

चकवा
सगळे १४४ बघा. १९९७ ते २००३, सात सीझन. १० भागांत काय डोंबल कळणार? अगदीच वेळ नसेल तर पहिला सीझन, १२च भाग.

हडळ_नंबर_एक
चकवा, १२ हे १० पेक्षा जास्त असतात.
पहिल्या सीझनचा ११वा पुरे. मार्सीकडे शाळेत कुणी बघतच नाही, म्हणून ती खरोखरच अदृश्य होते. तिच्या इयरबुकात (शाळेच्या वर्षअखेरीच्या आठवणवहीत) सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय, सुट्टी छान जावो. ओळख नसलेल्यालाच असं लिहितात. बफीच्या दोस्तांनी, विलो आणि झँडरनेही लिहिलंय, आणि दोघांना ती आठवतही नाही! त्या एका वहीत अख्खा भाग आहे.
म्हणजे आधी पोरांचं दुखणं ठरवा, त्यातून भूत काढा. तुमच्याकडे तर ते आयतंच आहे. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, ना धड पोर ना बाप्या. कॉलेजची पोरं तरी दुसरी कुठे असतात?

वेताळ_पंचविशी
बफी जुनी झाली. 'द व्हॅम्पायर डायरीज' बघा, २००९ ची. तिथे कुठलंही गुपित फार दिवस टिकत नाही, फुटतं आणि त्यातून नवं संकट येतं. पहिल्या सीझनच्या शेवटी नायिका एलेना म्हणून घरात वावरणारी बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी कॅथरीन निघते. तोडच नाही.

हडळ_नंबर_एक
तो धक्का बसतो कारण कॅथरीनची १८६४ ची तसबीर आधीच दाखवून ठेवलीय. पेरणी न करता तसा धक्का दिला तर लोक शिव्या घालतील. आणि विचारलंय बफीबद्दल.

कंदील
मुद्द्याचं. दुसऱ्या सीझनचे १३ आणि १४, 'सरप्राइज' आणि 'इनोसन्स', जोडीनेच बघा. शापाने बफीच्या प्रियकराला, एंजल या रक्तपिशाचाला, आत्मा परत मिळालाय हे पहिल्या सीझनच्या ७व्या भागापासून माहीत असतं. पूर्ण सुखाचा एक क्षण लाभला की तो आत्मा जाणार, ही अट मात्र घात झाल्यावर कळते. शाप जुना, दडवलं फक्त कलम. म्हणून फसवल्यासारखं वाटत नाही. शिवाय रात्र सोबत काढली आणि सकाळी पोरगा बदलला, हे भुताविनाही घडतंच की.
आठ भागांत बसवायचं तर मुंज्याचा नियम दुसऱ्या भागात सांगून टाका, मोडा पाचव्या-सहाव्यात. एकाच भागात नियम सांगून तिथेच मोडला की तो लेखकाने सोयीसाठी काढलेला वाटतो. तिसऱ्यात अडकण्याचं कारण बहुधा हेच, पोरांनी मोडावा असा नियमच अजून नाहीये.

चकवा
'हश' कुणीच कसं नाही सांगितलं? चौथ्या सीझनचा १०वा. गावाचा आवाजच चोरीला जातो, अर्ध्याहून जास्त भाग संवादाविना. लेखनासाठी एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन होतं.

निशाचर९
+१ हश.

वेताळ_पंचविशी
बफीतलं तेवढंच बरं. +१

कंदील
अहो, मालिका श्राव्य आहे. मुका भाग ऐकणार काय? त्याऐवजी पाचव्या सीझनचा १६वा, 'द बॉडी'. बफीची आई जाते, कुठल्या राक्षसामुळे नाही, आजाराने. भागभर पार्श्वसंगीत नाही, नुसते खोलीतले आवाज. तुम्हीही एका भागात संगीत काढून बघा.

निशाचर९
हो, श्राव्यला हश नकोच. +१ बॉडी.

चकवा
अवांतर: पाचव्यानंतर मालिका घसरली.

हडळ_नंबर_एक
अवांतर: सहाव्यातला गाण्यांचा भाग पाहिलेला दिसत नाही. धाग्याचा खफ (गप्पांचा खरडफळा) करू नका.

रातकिडा
सगळ्यांचे आभार. मार्सीचा भाग आणि कंदील यांनी सांगितलेली जोडी बघतो, नियम दुसऱ्या भागात हलवलाय. 'बॉडी' सध्या राहू दे, माझ्या गोष्टीत कुणी मरत नाही.
'हश' मात्र बघितलाच, अर्धा डोळे मिटून. खलनायक जमिनीला पाय न लावता तरंगत येतात, म्हणजे पावलांचासुद्धा आवाज नाही. शेवटी आवाज परत मिळतो, आता बोलायला हवं म्हणून बफी आणि तिला आवडणारा रायली समोरासमोर बसतात आणि दोघांनाही शब्द सुचत नाही. माझ्या पाचव्या भागात नियम मोडणाऱ्या पोराचा आवाज जाणार. पात्र तिथेच बसलेलं, पण ऐकणाऱ्याला ते आहे की गेलं हे कळायला मार्गच नाही. बाकीची पोरं दर दोन मिनिटांनी त्याला हाक मारतील आणि तो टेबलावर एक टिचकी वाजवेल. एकदा वाजवणार नाही.