‘लेटन्सी’ला ‘विलंब’ म्हणावे काय?

दादरकर :
आमच्या वाचनालयाच्या संगणककक्षासाठी मेमरीच्या सेटिंगविषयी एक छोटी मराठी पुस्तिका लिहीत आहे. ‘लेटन्सी’साठी (मेमरीचे उत्तर येईपर्यंतच्या प्रतीक्षेसाठी) ‘विलंब’ योजून ‘विलंब १६ ठेवावा’ असे वाक्य केले, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या सहकाऱ्याने विचारले की, विलंब हा दोष असेल तर तो ठेवायचा कशाला, आणि १६ म्हणजे सोळा काय? शिवाय ‘स्टेबल’साठी ‘स्थिर’ लिहिले आहे. पण स्थिर संगणक म्हणजे जागचा न हलणारा संगणक, असे वाटते. जाणकारांनी सुचवावे.

पार्ल्याचा तबलजी :
प्रश्न रास्त आहे, कारण १६ हा वेळ नव्हेच, ती मोजणी आहे. मागणी पोचल्यापासून माहितीचा पहिला तुकडा बाहेर पडेपर्यंत मेमरीच्या अंतर्गत घड्याळाचे किती ठोके जातात, एवढेच तो आकडा सांगतो. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ मेमरीत, सेकंदाला ३२०० दशलक्ष देवघेवी होतात. एका ठोक्यात दोन देवघेवी होत असल्याने घड्याळ मात्र १६०० मेगाहर्ट्झचेच असते. ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, म्हणून १६ ठोक्यांचे १० नॅनोसेकंद झाले. आणि ३६०० च्या रॅमला १८ ठोके लागले तरी उत्तर १० च येते. तीनतालाच्या मात्रा विलंबितात १६ आणि द्रुतातही १६ च असतात, आवर्तनाला लागणारा वेळ लयीवर ठरतो. मी ‘प्रतीक्षा-मात्रा’ लिहीन.

लॅमिंग्टन रोड :
‘प्रतीक्षा-मात्रा’ ऐकून गिऱ्हाईक औषधाच्या दुकानात जाईल. आमच्याकडे या ठोक्यांना सगळे ‘टायमिंग’ आणि ‘सीएल’ म्हणतात, आणि ज्याला पुस्तिका वाचून बायोस (संगणकाच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडायचा आहे त्याला पडद्यावर दिसणारा शब्दच हवा. खरी गफलत निराळीच आहे: एक्सएमपी (रॅममध्ये उत्पादकाने आधीच भरून दिलेले वेगाचे सेटिंग) चालू केले की रॅम ‘मूळ’ गतीने चालते, असे लोक समजतात. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे आणि एक्सएमपी ते बहुधा १.३५ वर नेते, म्हणजे हे ओव्हरक्लॉकिंगच, प्रमाणापेक्षा जास्त वेगाने पळवणेच, झाले. मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवावा, एक जरी चूक निघाली तरी गती एक पायरी उतरवावी. हे पुस्तिकेत नसेल तर शब्द कितीही शुद्ध असून उपयोग नाही.

अस्सल मऱ्हाटी :
दुकानदारी भाषेनेच मराठीची ही गत केली आहे. सावरकरांच्या ‘महापौर’लाही लोक हसले असतील, आज तो शब्द सर्रास चालतो. ‘विलंब’ तर घरचाच आहे. संस्कृत ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे. विरार लोकलच्या दारात आपण लोंबकळतो तेही त्याच कुळातले. संगणक ‘हँग’ झाला असे म्हणणारे इंग्रजीतून लोंबणेच उसने आणतात, मग ‘विलंब’ का नको?

पार्ल्याचा तबलजी :
व्युत्पत्ती गोड आहे, पण दोन गोष्टींची गल्लत होते. लेटन्सी ही निरोगी मेमरीलाही असतेच. हँग होणे हा बिघाड आहे, आणि मात्रा फाजील कमी केल्या तर तो ओढवू शकतो, कारण विद्युत्‌भार नीट वाचला जाण्याआधीच उत्तर उचलले जाते. त्याहून वाईट म्हणजे यंत्र हँग न होता फाइलमध्ये निमूटपणे चुकीचा बिट लिहून मोकळे होते.

गिरगावची चाळ :
मला ‘मेमरी’चेच कोडे सुटत नाही. वीज जाताच सगळे विसरणारीला ‘स्मृती’ म्हणायचे, आणि डिस्कवर खरीखुरी गिगाबाइटे अडवून बसणाऱ्या, रॅमला जोड देणाऱ्या पेजिंग फाइलच्या सेटिंगला ‘आभासी स्मृती’! ‘पूरक’ म्हटले असते तर निदान कळले असते.

दादरकर :
‘पूरक’ आवडला. पण ‘स्थिर’चे काय करावे?

अस्सल मऱ्हाटी :
‘पूरक’ प्राणायामात आधीच गुंतलेला आहे. आणि ‘स्मृती’ला नावे ठेवणाऱ्यांनी ‘रॅम’ हा शब्द देवनागरीत कसा दिसतो, याचाही एकदा विचार करावा.

लॅमिंग्टन रोड :
रॅम आमच्याकडे ‘पट्टी’ आहे. याहून मराठी शब्द हवा असेल तर सांगा.