२००९-१० चा तुर्की सीझन: बुर्सास्पोर खरंच भारी होती की शेवटच्या दिवशी नशीब फळफळलं?

कॉर्नरफ्लॅग:
मंडळी, तुर्की फुटबॉल लीगबद्दल एक प्रश्न आहे. जुने लीग टेबल चाळत होतो, १९८४ नंतर चॅम्पियनच्या रकान्यात सगळी इस्तंबूलचीच नावं, फेनरबाचे गलातासराय बेशिक्ताश, परत फेनरबाचे गलातासराय बेशिक्ताश, आणि अचानक २०१० ला बुर्सास्पोर! ७५ पॉइंट्स, फेनरबाचे ७४. नेटवर शोधलं तर जिथे तिथे एकच किस्सा, फेनरच्या स्टेडियममध्ये चुकीची घोषणा झाली, लोकांनी आनंदाने मैदानात उड्या मारल्या आणि मग कळलं की लीग हातातून गेली. पण त्याआधीच्या ३३ मॅचेसबद्दल कोणी काही बोलत नाही. ही टीम नक्की होती कशी? कोणी तो सीझन नीट फॉलो केलाय का? सविस्तर लिहा प्लीज.

राईटबॅक:
चांगला धागा. आधी तो किस्सा नीट सांगतो कारण बऱ्याच ठिकाणी अर्धवट लिहिलेला असतो. १६ मे २०१०, शेवटचा राउंड. फेनर ७३ वर, बुर्सा ७२ वर. म्हणजे फेनरने घरच्या मैदानावर त्राब्झोनस्पोरला हरवलं की विषय संपला, बुर्साने काहीही करो. ग्विझाने लवकर गोल केला, पण बुराक यिल्माझने बरोबरी साधली, आणि गंमत म्हणजे हा बुराक त्याच सीझनला फेनरकडून त्राब्झोनला गेलेला. मग फेनरने अख्खी मॅच धडका मारल्या पण दुसरा गोल काही होईना. तिकडे बुर्सा घरी बेशिक्ताशविरुद्ध २-१ ने पुढे. शेवटी शेवटी फेनरच्या स्टेडियममध्ये सांगितलं गेलं की बेशिक्ताशने २-२ केलंय, तसं असतं तर फेनरला ड्रॉ पण पुरला असता. शिट्टी वाजली, लोक मैदानात, सेलिब्रेशन सुरू, आणि मग खरा स्कोअर कळला, २-१ च आहे. त्यानंतर स्टँडमध्ये आगी लावल्या, तोडफोड, फार वाईट संध्याकाळ.

आता महत्त्वाचं. लोक म्हणतात घोषणेमुळे बुर्सा जिंकली. असं कसं? घोषणा झाली नसती तरी फेनरला गोल मारावाच लागणार होता आणि तो त्यांना तासाभरात जमला नव्हता. आणि बुर्साने समोर कोणाला हरवलं, तर आदल्या वर्षीच्या चॅम्पियनला. याला नशीब म्हणायला माझं मन तयार नाही.

स्टँडमधला:
+१ राईटबॅक. त्राब्झोनचा अँगल पण लक्षात घ्या. त्यांचे कोच शेनोल ग्युनेश, स्वतः त्राब्झोनच्या सुवर्णकाळातले गोलकीपर, आणि १९९६ ला फेनरनेच त्राब्झोनमध्ये येऊन त्यांची लीग हिसकावली तेव्हा कोच हेच होते. शिवाय त्या शेवटच्या मॅचच्या दीड आठवडा आधी शानलिउर्फामध्ये तुर्की कपच्या फायनलला त्राब्झोनने फेनरला ३-१ ने लोळवलं होतं. त्यामुळे त्राब्झोन नुसती हजेरी लावायला येणार नव्हती हे फेनरवाल्यांना कळायला हवं होतं. फेनरचे कोच डाउम यांच्याबाबतीत तर हे दुसऱ्यांदा झालं, २००६ ला पण शेवटच्या दिवशी देनिझ्लीमध्ये १-१ आणि लीग गलातासरायला.

डेडबॉल:
टीमबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो, हाच तर मूळ प्रश्न होता. कोच एर्तुग्रुल साग्लाम. हा माणूस बेशिक्ताशचा कोच असताना लिव्हरपूलकडून ८-० ने हरलेला, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून बाहेर पडला आणि काही महिन्यांत बुर्साला आला. त्याने काही मोठी नावं आणली नाहीत, आणायला पैसेच नव्हते. मागे बल्गेरियाचा गोलकीपर इवान्कोव, जो पेनल्टी मारण्यासाठी पण प्रसिद्ध, सेंटर डिफेन्सला कॅप्टन ओमेर एर्दोआन, मधे सर्बियाचा एर्गिच आणि अर्जेंटिनाचा छोटासा बाताया, आणि पुढे वोल्कान शेन, ओझान इपेक, सर्जान यिल्दिरिम ही तरुण पोरं. या पोरांचा वेगच त्या टीमचं खरं हत्यार होतं, बॉल जिंकला की दोन पासमध्ये समोरच्या बॉक्सजवळ. बातायाबद्दल काय बोलू, त्याच्या पायात बॉल आला की सगळं कसं शांत व्हायचं. मला त्या लीगमधला सगळ्यात आवडता खेळाडू तोच.

आणि हो, हा क्लब २००४ ला रेलिगेट झाला होता, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेला होता, २००६ ला वर आला. चार वर्षांत चॅम्पियन!

थ्रोइन:
सगळं मान्य, पण थोडी दुसरी बाजू पण मांडू द्या. त्या सीझनला अंकारास्पोरला फेडरेशनने मधेच बाहेर काढलं, अंकाराग्युजू या दुसऱ्या क्लबशी असलेल्या संबंधांमुळे, आणि त्यांच्याविरुद्धच्या मॅचेस समोरच्यांना ३-० ने दिल्या. आणि दियारबाकिरमध्ये बुर्साची मॅच मार्चमध्ये दगडफेकीमुळे अर्धवट थांबली, तीही ३-० ने बुर्साला. मैदानात न खेळता मिळालेले पॉइंट्स आहेत हे.

डेडबॉल:
@थ्रोइन, अंकारास्पोरचे पॉइंट्स फेनरलाही मिळालेच की, एकट्या बुर्साला नाही. दियारबाकिरचं म्हणाल तर त्यात मला बुर्साच्या प्रेक्षकांच्या वागण्याचं जास्त वाईट वाटतं. दियारबाकिर हे कुर्दबहुल शहर, आणि पहिल्या लेगला बुर्सामध्ये त्यांच्याविरुद्ध ज्या घोषणा दिल्या गेल्या त्या अत्यंत घाणेरड्या होत्या, परतीच्या मॅचला जे झालं त्याची सुरुवात तिथे होती. दगडफेकीचं समर्थन अजिबात नाही. पण या टीमवर कितीही प्रेम असलं तरी ते पान सीझनमधून वगळता येत नाही, आणि वगळू पण नये.

कॉर्नरफ्लॅग:
वा, इतकं छान लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. पुढे काय झालं मग? चॅम्पियन्स लीग खेळले का?

राईटबॅक:
खेळले, मँचेस्टर युनायटेड, व्हॅलेन्सिया आणि रेंजर्सच्या ग्रुपमध्ये. सहा मॅचेसमध्ये एक पॉइंट, दोन गोल केले, सोळा खाल्ले. व्हॅलेन्सियात ६-१. तो एक पॉइंट रेंजर्सविरुद्ध घरी, अगदी शेवटच्या मॅचला. नंतर नवीन मोठं स्टेडियम झालं पण क्लब घसरत गेला, २०१९ ला सुपर लीगमधून (तुर्कीची सगळ्यात वरची लीग) खाली, २०२२ ला अजून खाली, २०२४ ला थेट चौथ्या डिव्हिजनमध्ये. तिथेही लोक प्रचंड संख्येने यायचे. २०२५ ला एक पायरी वर चढलेत. त्राब्झोनने २०२२ ला परत लीग जिंकली, म्हणजे इस्तंबूलबाहेरचे चॅम्पियन आजवर दोनच क्लब, त्राब्झोन आणि बुर्सा. कॉर्नरफ्लॅग, त्या दिवशीच्या बुर्सा-बेशिक्ताश मॅचचे हायलाइट्स मिळाले तर नक्की बघा, फेनरच्या स्टेडियमचे व्हिडिओ तर सगळ्यांनीच बघितलेत.