प्रभुभोजनाचे मेज आणि वर्णभेद : दक्षिण आफ्रिकेतील मंडळीने आपल्याला काय शिकवले?

चर्चाप्रस्ताव

वर्णभेद मोडण्याचे स्वतःचे असे काही सामर्थ्य ख्रिस्ती श्रद्धेपाशी आहे का, की इतर सद्भावी माणसे जे सांगतात तेच ती बायबलच्या शब्दांत सांगते? हा प्रश्न मी दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासातून मांडतो, कारण तिथे वर्णभेदाचे सरकारी धोरण ठरण्याच्या कितीतरी आधी मंडळीने, म्हणजे चर्चने, त्याला आपल्या घरात जागा दिली होती.

१८५७ साली केप वसाहतीतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेपुढे एक वाद आला. बाप्तिस्मा घेतलेल्या काळ्या आणि मिश्रवर्णीय बांधवांबरोबर एकाच मेजावर प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी) घेणे काही गोऱ्या सभासदांना नको होते. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे, असे धर्मसभेने स्वच्छ मान्य केले. मात्र ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी उपासना चालेल, अशी सवलतही दिली. ही दुर्बलता ज्यांचा अपमान होत होता त्यांची नव्हती, अपमान करणाऱ्यांची होती, आणि तिलाच सांभाळून घेतले गेले. १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले. १९४८ मध्ये वर्णभेदाचे सरकारी धोरण आणणारी नॅशनल पार्टी सत्तेवर आली तेव्हा पंतप्रधान झालेले डी. एफ. मलान हे याच चर्चचे एके काळचे पाळक होते. तोवर बाबेलच्या बुरुजाची, म्हणजे देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या करून त्यांना पांगवल्याची, बायबलमधली गोष्ट सांगून, लोकांना वेगळे ठेवणे हीच देवाची इच्छा आहे, असे शिकवले जाऊ लागले होते.

माझे म्हणणे असे की जी चूक मेजापाशी झाली ती मेजापाशीच दुरुस्त व्हावी लागते. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली, त्यानंतर बायर्स नॉडे या आफ्रिकानेर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या समाजातील) पाळकाचे मन स्वस्थ राहीना. १९६३ मध्ये त्यांनी आपले व्यासपीठ सोडले आणि १९७७ पासून सात वर्षे सरकारी बंदीहुकुमाखाली काढली. १९८२ साली ओटावा येथे जागतिक रिफॉर्म्ड मंडळ्यांनी वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले. त्याच वर्षी त्या मिशन चर्चने बेल्हार येथे श्रद्धेचा अंगीकार, म्हणजे श्रद्धेचे जाहीर निवेदन, लिहिला आणि १९८६ मध्ये तो विधिवत स्वीकारला. म्हणजे ज्यांना मेजावरून उठवले होते त्यांनीच मंडळीला तिची श्रद्धा परत शिकवली. ऐक्य ही ख्रिस्ताने दिलेली देणगी आहे आणि म्हणूनच पाळायची आज्ञाही आहे, हे बेल्हारचे सूत्र मला कोणत्याही सहिष्णुतेच्या उपदेशापेक्षा बळकट वाटते.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांची तळमळ मला कळते, परंतु निष्कर्ष पटत नाही. ज्या ग्रंथातून बेल्हार निघाले त्याच ग्रंथातून बाबेलचा दाखलाही निघाला, आणि १८५७ पासून १९८२ पर्यंत सव्वाशे वर्षे गेली. वर्णभेद पडला तो सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत रस्त्यावर १९७६ साली उतरलेल्या शाळकरी मुलांमुळे, संपांमुळे आणि आर्थिक निर्बंधांमुळे. शिवाय १९१३ च्या कायद्याने काळ्यांना जमीन घेण्यासाठी देशाचा सुमारे सात टक्केच भाग मोकळा ठेवला होता. ती जमीन पापांगीकाराने परत येते का? वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगापुढे आपले दुःख सांगणाऱ्या पीडितांना २००३ साली सरकारने एकदाच तीस हजार रँड देऊ केले, तेही आयोगाने सुचवले होते त्यापेक्षा पुष्कळच कमी. ज्याचा मुलगा कोठडीत मेला त्याला समेटाचा उपदेश करण्याचा अधिकार मंडळीला कोणी दिला, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद २

मी ख्रिस्ती आहे आणि माझी हरकत उलट दिशेची आहे. क्षमा ही हिशेब चुकता झाल्यावर द्यायची पावती नव्हे. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्यावर दगड पडत असताना त्याने मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, त्यांनी आधी काय भरून द्यावे हे सांगितले नाही. १९९० साली रस्टेनबर्गच्या चर्च परिषदेत विली योंकर या प्राध्यापकांनी स्वतःच्या आणि आपल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीने पाप कबूल केले, तेव्हा वर्णभेदाविरुद्ध लढणारे काळे आर्चबिशप डेझमंड टुटू यांनी तिथल्या तिथे क्षमा जाहीर केली. त्यांनी आधी जमिनीचे कागद मागितले असते, तर तो क्षण आलाच नसता.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसादांना एकत्र उत्तर देतो, कारण माझ्या मते ते एकाच ठिकाणी भेटतात. रस्टेनबर्गचा प्रसंग मलाही पवित्र वाटतो. पण त्याच टुटूंचा पेनाचा दाखला विसरू नये: मी तुमचे पेन चोरले आणि ते खिशात ठेवूनच क्षमा मागितली, तर तो पश्चात्ताप नव्हे. १९८५ च्या कैरोस या दक्षिण आफ्रिकी धर्मशास्त्र्यांच्या निवेदनाने न्यायाशिवायच्या समेटाला ख्रिस्ती म्हणायचे नाकारले. आणि बायबलमधला, येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय? येशू त्याच्या घरी गेला तो कोणतीही अट न घालता, येथपर्यंत प्रतिसाद २ शी मी पूर्ण सहमत आहे. मात्र त्या भेटीनंतर जक्कय उभा राहिला आणि लुबाडलेले चौपट परत करतो म्हणाला. क्षमेला अट नाही, परंतु ती मिळालेल्या माणसाचे हात रिकामे होतात. ते झाले नाहीत, तर ती क्षमा त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही असे मी समजतो. जमिनीचा प्रश्न म्हणूनच मला श्रद्धेबाहेरचा वाटत नाही. संपांविषयी एवढेच की १९८३ च्या युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट या वर्णभेदविरोधी आघाडीची हाक अ‍ॅलन बुसाक या मिशन चर्चच्या पाळकाने दिली होती.

प्रतिसाद ३

माझे पणजोबा नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले. वंश आणि जात या दोन गोष्टी एक नाहीत, हे मान्य करूनही हा धागा वाचताना मला आमचे घर आठवत राहिले. आमच्या मंडळीत सगळे एकाच प्याल्यातून घेतात आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. तरीही माझ्या बहिणीचे लग्न जुळवताना वडीलधाऱ्यांनी दबक्या आवाजात पहिला प्रश्न विचारला तो हाच, की ‘ते मूळचे कोण?’ मुलगा चांगला होता, हे कोणीच नाकारले नाही. ‘आजीला सोसणार नाही’, एवढ्या कारणावर स्थळ मोडले. ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ हे शब्द वाचल्यावर मला आजीचा चेहरा दिसला, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो होतो हेही.

प्रतिसाद १

प्रतिसाद ३ मुळे मला माझा प्रश्न थोडा बदलावा लागतो. उपदेशाचा अधिकार कोणाला, यापेक्षा ‘दुर्बलतेला’ नकार कोणी आणि केव्हा द्यायचा, हे विचारायला हवे होते. धागाकर्त्यांना मात्र एक विचारतो. १९९४ साली मिश्रवर्णीयांचे आणि काळ्यांचे चर्च एकत्र येऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च झाले. गोऱ्यांचे मूळ चर्च अजून त्यात विलीन झालेले नाही आणि बेल्हारचा अंगीकार सर्वांवर बंधनकारक करायला तिथे पुरेशी संमती मिळालेली नाही. मग जक्कय अजून झाडावरच आहे, असे आपण मानता का?

धागाकर्ता

होय, तसेच मानतो, आणि त्याचे मला दुःख आहे.