जखम भरणारा मंत्र नेमका कोणत्या शाखेचा?

धागाकर्ता: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या भूमिकाखेळातल्या आठ मंत्रशाखा (मंत्रांचे आठ प्रकार) आता मोडीत काढाव्यात, असे माझे मत आहे. जखम भरणारा 'क्युअर वुंड्स' हा एकच मंत्र पाहा. जुन्या आवृत्त्यांत तो नेक्रोमन्सीत (प्रेतविद्येत) होता, २००० साली कॉन्ज्युरेशनमध्ये (वस्तू वा जीव बोलावण्याच्या शाखेत) गेला, २०१४ मध्ये इव्होकेशनमध्ये (ऊर्जा प्रकट करण्याच्या शाखेत) आणि २०२४ च्या नियमपुस्तकात अ‍ॅबज्युरेशनमध्ये (संरक्षणाच्या शाखेत). काम मात्र तेच राहिले: जखमीला हात लावायचा, फासे टाकायचे आणि तेवढे हिट पॉइंट्स (पात्राचा जीव मोजणारे गुण) परत द्यायचे. एका मंत्राला चार घरे फिरवणाऱ्या वर्गीकरणाला आधार तरी कशाचा?

पहिला प्रतिसाद: असहमत. एका मंत्राचे बिऱ्हाड हलले म्हणून वाडा पाडत नाहीत. शाखा खेळताना उपयोगी पडते. मागच्या खेळात आमच्या जादूगाराने बंद पेटीवर जादूची शाखा तेजोवलयातून दाखवणारा 'डिटेक्ट मॅजिक' मंत्र वापरला, तेजोवलय इल्यूजनचे (भ्रमाच्या शाखेचे) निघाले आणि त्याने सरळ झाकणातून हात आरपार घातला; एरवी कुलूप फोडण्यात आमचा अर्धा तास गेला असता. शिवाय २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पातळीचा 'फायरबॉल' (आगीच्या स्फोटाचा मंत्र) जादूगाराच्या मंत्रवहीत उतरवायला १५० सुवर्णमुद्रा आणि सहा तास लागतात, पण इव्होकेशनच्या जादूगाराला ७५ मुद्रा आणि तीनच तास. शाखा गेल्या, तर ही सवलत कशावर द्यायची?

धागाकर्ता: मंत्रावर 'भ्रम' अशी खूण असली, तरी तुमचा हात आरपार गेलाच असता. 'पाथफाइंडर' या तशाच दुसऱ्या खेळाने २०२३ च्या सुधारित नियमांत आठही शाखा वगळल्या, पण भ्रमाची खूण ठेवली, आणि तिथल्या जादूगारांचे काहीही अडलेले नाही.

दुसरा प्रतिसाद: त्यांनी शाखा सोडल्या त्या मुख्यतः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम वापरण्याच्या परवान्याच्या वादामुळे, तेव्हा तो दाखला तितकासा लागू पडत नाही. खरा घोळ निराळाच आहे. इव्होकेशन हे नाव शक्ती कुठून आणली ते सांगते, इल्यूजन परिणाम सांगते आणि नेक्रोमन्सी विषय सांगते, म्हणजे एकाच यादीत तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. विषय धरला, तर जीव घेणे आणि जीव राखणे एकाच शाखेत येते, म्हणून मला जुन्या आवृत्त्यांचेच बरोबर वाटते. (आमच्या धर्मगुरूचे पात्र खेळणाऱ्याला हे अजिबात पटत नाही, आपण प्रेतविद्या करतो, हे ऐकूनच तो चिडतो.)

पहिला प्रतिसाद: विषय धरायचा, तर 'फायरबॉल'चा विषय कोणता? आग म्हणालात, तर आगीची वेगळी शाखा काढावी लागेल, आणि मग आठावर कसे भागणार?